पुलाच्या अलीकडची रेघ

माझं काम रेघा मारणं.
सिडनीपासून गाडीनं सहा तास आत, बॅरंगूल गावात
जी जी पांढरी रेघ तुम्ही ओलांडता
ती मी मारलेली असते.
तुम्हाला ठाऊक नसतं. नसू दे.

सायकलपट्टी आखायला दिली तेव्हा
नकाशा शाळेपासून निघाला होता,
बेकरी, टपाल कचेरी, गव्हाचे सायलो करत
पुलाच्या तोंडाशी आला
आणि तिथे कागद संपला.
मीही थांबलो. यंत्र बंद केलं, डबा खाल्ला.
पलीकडे कत्तलखाना, वसाहत, चारशे माणसं,
पण कागदावर नाही ते रंगवायचे पैसे मिळत नाहीत.

पूल जुना, लाकडी कठड्यांचा. दोन ट्रक
पोट आत घेऊन एकमेकांना जाऊ देतात.
मग सायकलनं काय करायचं?
हळू जायचं, असं नगर परिषदेनं पत्रात कळवलं होतं.

वसाहतीतली माणसं व्हानुआतूची.
लायसन्स नाही, बस नाही, पाळी पहाटे पाचची.
चर्चनं गोळा केलेल्या जुन्या सायकली:
कुणाची लहान मुलाची, गुडघे कानाला लागणारी,
कुणाची पुढे वेताची टोपली असलेली.
वसंतात मॅग्पाय डोक्यावर झडप घालतात
म्हणून हेल्मेटवर प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या केलेल्या,
साळिंदरासारख्या.
पक्षी निदान घरट्यात पिल्लं आहेत तोवरच चिडतो,
एनोक तारी मला एकदा म्हणाला होता,
मेंढ्यांचे ट्रक बारमाही.

त्याला पाडलं ते ट्रकनंसुद्धा नाही,
एका मोटारीच्या आरशानं.
जिवावरचं खांद्यावर निभावलं.
हाड जुळलं, जरा वाकडं.
आरसा तेवढा दोन दिवस पुलावर पडून होता,
आभाळ दाखवत.

मग सभा झाली. मी मागे बसलो.
डोरिन पास्को, निवृत्त नर्स,
सहा आठवडे पहाटे पुलाशी घडीची खुर्ची टाकून
मोजत बसली होती. वही दाखवली तिनं:
चार उभ्या रेघा, पाचवी त्यांना छेदत जाणारी,
पानंच्या पानं.
इतक्या कामाच्या रेघा मी आयुष्यात मारल्या नव्हत्या.
बेकरीवाला म्हणाला, माझ्यासमोरच्या पार्किंगच्या चार जागा जातील.
कुणी म्हणालं, ती काय, हंगामापुरती माणसं.
एनोक उठला, एक हात झोळीत.
"माझा हंगाम चार वर्षांचा आहे," म्हणाला
आणि निघून गेला. चालत.
पुलावरूनच.

पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं, असं म्हणायची पद्धत आहे.
इथे नाही गेलं. तीन वर्षं नदी कोरडी होती.
फाईल तेवढी वाहत होती
या टेबलावरून त्या टेबलावर.

शेवटी मिळालं ते एवढं:
पुलावर चाळीसचा वेग,
आणि कठड्याबाहेर टांगलेली लोखंडी वाट, एकाच बाजूला.
समोरून कुणी आलं तर तिथेही पोट आत घ्यायचं.
"अर्धं," डोरिन म्हणाली
आणि नवी वही घेऊन आली.

माझ्या हाती पहिल्यांदाच असा कागद आला
जो पलीकडे जात होता.
रात्री तीनला काम धरलं. कोन मांडले,
ओला रंग असल्याची पाटी लावली.
रंग वीस मिनिटांत सुकतो.
पण पाळी पाचची. वीस मिनिटं कुणाकडे होती?
टाकी भरून परत आलो
तर माझ्या नव्या रेघेवरून एक बारीक चाक गेलेलं,
मग दुसरं, मग किती कोण जाणे,
आणि पुढे डांबरावर त्यांच्या पांढऱ्या खुणा,
फिकट होत होत
कत्तलखान्याच्या फाटकापर्यंत.

साहेब म्हणाले, खराब झाली, पुन्हा मार.
मी म्हटलं, यंत्र धुऊन ठेवलंय.
धुतलं नव्हतं.